पंचाचा डावा कान

...आनि वर कागदावर लिहून दिलंय, ऑपरेशन यशस्वी, रुग्ण समाधानी. समाधानी म्हणं! कोण समाधानी? सरका जरा पावणं, बसू द्या मला हितं, उभ्यानं सांगायची गोष्ट न्हवं ही. तुमास्नी सांगतो, चांगला भैरा हुता की ओ माणूस. ल्हानपणापासनं एकदम व्यवस्थित भैरा हुता, कुणाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई, आनि ह्या शिकल्यासवरल्या लोकांनी त्येला धरला, झोपवला, कानामागं चिरला आनि बरा केला. कुणी सांगितलतं?

माणूस म्हंजे आमचं दाजी. आकाराम. माझी धाकटी भन क्रांती, तिचं मालक. उचगावात ऱ्हात्यात, फौंड्रीत कामाला हायत, आनि सुट्टीदिवशी अंगात काळी जर्सी, गळ्यात शिट्टी, फुटबॉलचं पंच. म्हंजे रेफ्री ओ. आता कोल्हापुरात फुटबॉलचा रेफ्री व्हायचं म्हंजे काय, हे भाईरच्या माणसाला न्हाई कळायचं. त्येला वाटतं कोल्हापूर म्हंजे तांबडा-पांढरा आनि चपला. हितं पेठंपेठंची टीम हाय, तालमीतालमीची टीम हाय, पोरगं चालाय लागायच्या आदी त्येच्या अंगावर टीमचा टी-शर्ट चढतोय. लग्न जुळवताना पत्रिका नंतर बघत्यात, आदी इचारत्यात घर कुठल्या टीमचं. मॅच असली की पाच-पाच हजार माणूस, दोन बाजूला दोन टीमचं, एकमेकाचं तोंड बघणार न्हाईत, पर एका गोष्टीवर समद्यांचं एकमत, की रेफ्री चोर हाय. गोल दिला तरी चोर, न्हाई दिला तरी चोर. निम्मं पब्लिक त्येच्या आईची चौकशी करतंय, निम्मं भनीची. चांगली चांगली माणसं दोन मॅचला शिट्टी टाकून पळाली. एकानं तर चंदगडला बदली मागून घेतली, म्हणाला तिथल्या पावसात कुजतो पर ह्ये ग्राउंड नगो.

आनि आमचं दाजी अठरा वर्सं टिकलं. का टिकलं? ऐकूच येत न्हवतं म्हणून टिकलं.

त्या कानाचं बी सांगतो. दोन्ही कान ल्हानपणीच फुटलेलं, त्यात डावा जास्त. विहिरीत पवाय शिकताना पानी गेलं, कान दुखला, वाह्यला लागला, आनि आमच्यात कान वाह्यला लागला की दवाखान्यात न्हेत न्हाईत, शेजारी न्हेत्यात. शेजारची म्हणली लसणीचं तेल घाला. घातलं. मागल्या गल्लीतली म्हणली तुळशीचा रस पिळा. पिळला. दाजींची आई, अंबूबाई, तिनं तर एवढं काय काय ओतलं त्या कानात की तेवढ्यात आठ दिसांची आमटी झाली असती. कुरुंदवाडात कोण एक औषध देतोय म्हणून तिकडं बी एसटीनं नेऊन आनलं, त्येनं कानात फुंकर मारली आनि वांगं बंद केलं. वांग्यानं काय केलतं त्येचं, कुणास ठावं. पुढं दाजी मोठं झालं, गाडी घेतली, आनि गाडीच्या चावीनं कान कोराय लागलं. चावीनं, ओ. त्याच चावीनं गाडी चालू, त्याच चावीनं कान. मग कानात कायमचा कापसाचा बोळा. लोकास्नी वाटायचं अत्तराचा फाया हाय, शौकीन गडी दिसतोय. जवळ बसलं की कळायचं कसलं अत्तर हाय ते.

तुमी म्हणशीला, माणूस भैरा हाय हे तुमास्नी कळलं कसं न्हाई? कोल्हापुरात कसं कळायचं? हितं समदीच वरडून बोलत्यात. फौंड्रीत वरडत्यात, मार्केटात वरडत्यात, आमची क्रांती समोर बसलेल्या माणसाला मीठ पायजे का इचारती ते गल्लीच्या टोकाला ऐकू जातंय. अशा गावात भैऱ्याचं काय अडत न्हाई. उरलेलं त्यो ओठ बघून वळखायचा, आनि जे वळखलं न्हाई त्येला मान हलवून "व्हय, व्हय". आमास्नी वाटायचं, किती समजूतदार जावई मिळालाय.

आनि ग्राउंडवर काय व्हायचं बघा. पब्लिक उठून उभं ऱ्हायचं, हात नाचवायचं, बोंबलायचं. दाजींच्या कानात नुसती घुमघुम. शब्द न्हाई, काय न्हाई. त्यास्नी काय वाटायचं? त्यास्नी वाटायचं पब्लिक आपल्यावर खूश हाय. खोटं न्हाई सांगत, अठरा वर्सं ह्या माणसाची अशी समजूत हुती की अख्खं कोल्हापूर आपल्यावर जीव टाकतंय. आनि पब्लिक लई पेटलं की आमचं येडं मधी उभं ऱ्हाऊन, छाती फुगवून, दोन्ही बाजूंना हात वर करायचं, निवडून आलेल्यागत. की पब्लिक अजून पेटायचं. "गुर्मी बघा गुर्मी, शिव्या खातंय आनि हात करतंय." की ह्यांनी अजून एकदा हात करायचा.

पर त्येच्यानंच नाव झालं. कमिटीची माणसं म्हणायची, "फायनलला आकारामच पायजे. अख्खं ग्राउंड आई काढालंय आनि गडी ऑफसाईडवर ठाम. दबाव म्हणून घेत न्हाई." आनि दाजी घरी जाऊन क्रांतीला सांगायचं, "आज लई प्रेम दिलं गं लोकांनी." भावकीत ह्यास्नी कोण इचारत न्हवतं, फौंड्रीत मुकादम नावानं हाक मारत न्हवता, त्या माणसाला आठवड्यातनं दीड तास वाटायचं की आपुन बी कोण तरी हाय. मी म्हणतो, कुणाच्या बापाचं काय जात हुतं? चांगला भैरा हुता की ओ माणूस.

आता तुमी माझ्याकडं बघालायसा. बघू नगासा असं. व्हय, मी बी असायचो तिथं. पश्चिम बाजूला, आमच्या टीमच्या लोकांत, आनि माझ्याशेजारी आमचं आण्णा, म्हंजे माझं वडील, दाजींचं सासरं, वय शाहत्तर. ग्राउंडात जाताना नातं गेटवर ठेवून जायचं असतंय. घरी दाजी आलं की "या दाजी, बसा दाजी", धोंड्याच्या महिन्यात पाटावर बसवून ह्या हातांनी पाय धुतलेत मी त्यांचं. पर आमच्या टीमचा गोल नाकारला? मग त्यो कसला दाजी. आनि एवढ्या गलक्यात कोण कुणाचा आवाज वळखतोय? एकदा रागाच्या भरात मी आनि आण्णा असं काय तरी बोलून गेलो, ते पब्लिकला आवडलं, मग दर मॅचला त्येची फर्माईश व्हायला लागली. आमचा ठरलेला आयटमच झाला म्हणा की. काय आयटम ते सांगतो पुढं, दम धरा.

तर मागच्या सीझनला सेमीफायनल. दाजी पळता पळता थांबलं, जाग्यावर गोल फिरलं आनि गवतावर आडवं. पब्लिक म्हणालं प्यालाय. मी बी वरडलो, "उतरंपर्यंत झोपू द्या त्येला." खरं म्हंजे चक्कर आलती. कानातनं चक्कर येती हे तवा कुणाला ठावं?

दुसऱ्या दिवशी क्रांतीचा फोन, मी दोघास्नी घेऊन गेलो कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं. संयोगिता मॅडम. एवढीशी बाई, आनि आवाज असा बारीक की धडधाकट कानाच्या माणसानं पुढं वाकावं. कानाची डॉक्टर आनि अशी बोलती, मी म्हटलं हिचा पेशंट बरा झालाय का न्हाई हे हिला कळतंय तरी कसं? दाजींचा बोळा काढला, दुर्बीण घातली, टीव्हीवर कान दावला. पडदाच न्हाई कानाला. आत पांढरं पांढरं साठलेलं, फाटलेल्या दुधागत.

"किती वर्षं वाहतोय?" मॅडम म्हणाल्या.

"वाहत न्हाई, जरा ओला ऱ्हातोय," दाजी त्यांचं ओठ बघून म्हणालं.

"वास येतो?"

क्रांती म्हणाली, "उशी उन्हात टाकून टाकून खोळ इरली, मॅडम."

मग मॅडमनी सांगितलं. पडद्याची कातडी आत शिरून साठत गेलीया, आनि ती हाड खात चाललीया. ऐकायची तीन हाडकं असत्यात कानात, तांदळाच्या दाण्याएवढी, त्यातलं एक कुजून गेलं. शरीराचा तोल राखणारी नळी बी तिथंच, तिथवर पोचलंय म्हणून चक्कर. "आता थांबून चालणार नाही," म्हणाल्या. "या हाडाच्या वर लगेच मेंदू आहे."

मी म्हटलं, "हाय व्हय?"

कुणी हसलं न्हाई. मॅडम म्हणाल्या, आधी कान साफ करायचा, जिवाचा धोका घालवायचा, ऐकू येईल का न्हाई ते नंतरचं, पर प्रयत्न करू. दाजींनी मान हलवली, "व्हय, व्हय."

भाईर आलो. दाजी औषधाच्या लायनीत, आनि क्रांती जिन्यात बसली आनि रडाय लागली. मी म्हटलं, "खुळे, बरं व्हनार हायत की."

"त्येचंच भ्या वाटतंय. दादा, ऐकू आलं तर?"

"आलं तर चांगलंच की."

"ग्राउंडवर ऐकू आलं तर? त्यास्नी वाटतंय लोक कौतुक करत्यात. त्या एका शिट्टीवर जगतोय त्यो माणूस. ती सुटली तर नुसता कान घेऊन काय करू मी?"

"तुला ठावं हाय लोक काय बोलत्यात?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "समदं ठावं हाय," म्हणाली. मी बुटाची नाडी बांधाय खाली वाकलो. बराच येळ बांधत हुतो.

पर मेंदूच्या दारात गेलेलं दुखणं कोण ठेवणार? केलं ऑपरेशन. साडेतीन तास. कानामागनं चीर दिली, हाड कोरून घाण काढली, कानावरच्या स्नायूचा पातळ पापुद्रा काढून त्येचा नवा पडदा केला, आनि कुजलेल्या हाडकाच्या जागी टायटॅनियमचं बारकं हाडूक बसवलं. मॅडमनी कागदावर चित्र काढून समजावलं. आण्णांनी चित्र उलटं धरून बघितलं आनि म्हणालं, "शिवण चांगली हाय."

डोक्याला ही मोठी पट्टी, एका बाजूनं सुटलेल्या फेट्यागत. आनि वर नियम. नाक शिंकरायचं न्हाई. शिंक आली तर तोंड उघडं टाकून शिंकायचं. कानात पान्याचा थेंब न्हाई. वजन उचलायचं न्हाई. आनि विमानात बसायचं न्हाई. उचगावचा फौंड्रीतला माणूस, त्येला सांगत्यात विमानात बसू नगा. दाजींनी गंभीरपणं मान हलवली, जनू परवाचं तिकीट रद्द केलंय.

भेटाय येणाऱ्या माणसांचं तर इचारूच नगा. शहाळं घेऊन यायची, खाटंजवळ यायची, आनि पट्टी बांधलेल्या कानाला तोंड लावून बोंबलायची, "ऐकू येतंय काऽऽ?" आरं, गिलावा वाळला न्हाई अजून भिंतीचा, लगेच खिळा ठोकून बघालायस? अंबूबाई पिशवीत लसणीच्या तेलाची बाटली घेऊन आलती, म्हणं टाक्यावरनं जरा सोडू. नर्सनं बाटली काढून घेतली तर म्हातारी आठ दिवस नर्सशी बोलली न्हाई.

मग टाकं निघालं, कानात भरलेली पट्टी काढली, आनि दीड-दोन महिन्यांनी हळूहळू कान उघडाय लागला. हे मात्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दाजी अंगणात चपला वाजवत फिरालेत. नुसतं आपलंच चालणं ऐकालेत, हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. क्रांतीनं फोडणी टाकली तर कढईपाशी जाऊन उभं. "ही अशी वाजती व्हय गं?" फॅनला आवाज असतोय म्हणं. क्रांती काम करता करता पुटपुटती हे वीस वर्सांत पयल्यांदा कळलं, आनि काय पुटपुटती ते बी कळलं, तवापासनं स्वतःचा टॉवेल स्वतः वाळत घालत्यात.

एके दिवशी त्यांनी शिट्टी काढली. परड्यात गेलं आनि नेहमीसारखी फुंकली, सगळा दम लावून. शेजारचं कुत्रं पळालं. दाजी शिट्टीकडं बघतच बसलं. "एवढ्यांदा वाजती व्हय ही?" म्हणालं. अठरा वर्सं जी शिट्टी माणसानं वाजवली, ती त्येनं त्या दिवशी पयल्यांदा ऐकली. डोळं भरलं त्यांचं. माझं न्हाई. मला धुरळ्याचा तरास हाय.

आनि मग आली की ओ पुढच्या स्पर्धेची फायनल. मॅडमनी पळाय परवानगी दिलेली. क्रांती म्हणाली, मॅडमनी आंघोळीला घालाय सांगितलाय त्यो व्हॅसलीनचा कापूस तेवढा घाला कानात, धूळ असती. दाजी म्हणालं, "का घालू? अठरा वर्सं पब्लिक जीव टाकालंय माझ्यावर. एकदा ह्या कानानं ऐकू दे की मला. त्येच्यासाठीच तर चिरून घेतलाय."

क्रांतीनं मला फोन केला. "दादा, आज तेवढं तोंड आवर. आनि आण्णांचं बी."

"आनि पाच हजार माणसांचं कोण आवरणार?"

"परक्यांचं मी बघून घेईन. घरच्यांचं तू बघ."

घेतली शपथ. अंबाबाईची घेतली. आण्णांनी बी घेतली.

दाजी मैदानात आलं, मधी उभं ऱ्हायलं, हात वर केला. पब्लिकनं दणकून स्वागत केलं, त्यांच्या पद्धतीनं. लांबनं समदा कालवाच, सुटा शब्द काय कळत न्हवता, त्यामुळं दाजी हसालेत. मी तोंडात पान भरून बसलेलो, मुद्दाम. आण्णास्नी चिक्की दिलेली. तासभर निभावलं. आनि मग शून्य-एकवर असताना आमच्या सम्राटनं गोल मारला. आमच्या समोर, पश्चिम बाजूला. लाईनवाल्याचं निशाण वर. दाजी पळत आलं, शिट्टी, ऑफसाईड. आमची बाजू अख्खी उठली.

दाजी आमच्यापासनं दहा हातांवर उभं. आनि आमच्याकडं कुठला कान? डावा. नवा केलेला.

पयला आवाज गेला, "डोळं फुटलं काय रं तुझं?" दाजी हसत वळलं, कोण बोललं बघाय. दुसऱ्यानं आईचं काढलं. हात वर कराय घेतलेला त्यांनी, सवयीनं, त्यो निम्म्यातच ऱ्हायला. तिसरा, चौथा, पाचवा. एकेक शब्द सुटा सुटा, आनि कान असा काय बसवलेला की एक बी वाया जाईना. दाजींचं तोंड हसरंच ऱ्हायलेलं, त्येला कुणी सांगितलंच न्हाई की आता हसायचं न्हाई म्हणून. पब्लिकला बी चमत्कारिक वाटलं. हात का करंना? आनि बाजू एकदम गप झाली, आनि समद्यांनी वळून माझ्याकडं बघितलं. आयटमची वेळ झालती की.

मी पान थुकलं. कसं थुकलं, का थुकलं, अंबाबाईलाच ठावं. आनि तोंडातनं गेलं ते गेलंच, "आरं, ह्या आंधळ्याला काय बघून पोरगी दिली सासऱ्यानं?"

शेजारी आण्णा उभं ऱ्हायलं, दोन्ही हात तोंडाला लावलं, आनि दर वेळचं उत्तर, "चूक झाली गाऽऽ, पदरात घ्या!"

समदी बाजू हसली. दाजींनी माझ्याकडं बघितलं. मग आण्णांकडं. आण्णांनी टोपी डोळ्यांवर ओढली. निम्म्यात ऱ्हायलेला हात दाजींनी खाली घेतला, बॉल जाग्यावर ठेवला आनि शिट्टी वाजवली. हळू वाजवली. गोल दिला न्हाई. राहिलेली मॅच पुरी खेळवली, एक डिसिजन बदलला न्हाई, आमची टीम हरली, आनि ह्यो माणूस कुणाला हात न करता भाईर निघून गेला. आता सांगा, समाधानी व्हय? चांगला भैरा हुता की ओ.

तिसऱ्या दिवशी क्रांतीचा फोन. शिट्टी देव्हाऱ्याखाली टाकलीया, जेवण नीट न्हाई, कमिटीला द्यायला पंचगिरी सोडल्याची चिठ्ठी लिहून ठेवलीया. म्हणाली, "मला इचारलं, तुला ठावं हुतं? म्हटलं व्हय. कवापासनं? पयल्या मॅचपासनं. मग सांगितलं का न्हाईस? म्हटलं, घरी येऊन सांगताना तुमचं तोंड कसं असायचं..." मला लाज वाटली. उघड सांगतो, लाज वाटली.

मी आनि आण्णा टॉवेल-टोपी, पेढं घेऊन उचगावला. आण्णांनी दारातनंच सुरुवात केली, "जावईबापू, चुकलं आमचं..."

दाजी म्हणालं, "हळू बोला आण्णा. ऐकू येतंय."

शाहत्तर वर्सांत आण्णा हळू कधी बोललंच न्हाईत, त्यास्नी जमंना. नुसतं ओठ हलवाय लागलं. दाजींनी आमास्नी बसवलं, क्रांतीला चहा टाकाय सांगितला, आनि मला म्हणालं, "बोला पावणं."

"काय बोलू?"

"अठरा वर्सांत काय काय बोललासा ते. पयल्यापासनं. माझ्यासाठी बोललासा न्हवं? मग माझं हाय ते. मला ऐकू द्या."

तुमास्नी सांगतो, ग्राउंडात पाच हजार माणसांत शिवी द्यायला काय लागत न्हाई. पर जावयाच्या घरात, देव्हाऱ्यासमोर, हातात चहाचा कप, आनि समोर भन उभी, आनि खालच्या आवाजात शिव्या सांगायच्या... पर सांगितल्या. एकेक मॅच, एकेक वर्स. मधी आण्णा दुरुस्ती कराय लागलं, "ते त्या साली न्हवं, तवा तू त्येच्या आज्याला काढलतास." आनि दाजी? रडत्यात, उठून जात्यात असं वाटलतं मला. त्यो माणूस एकेकाचा हिसाब द्यायला लागला. "ते ऑफसाईडच हुतं, त्येचा खांदा पुढं हुता." "हँडबॉल कसला? हात अंगाला चिकटलेला हुता." मॅच, मिनिट, कुठल्या कोपऱ्यात, समदं पाठ. मी शिवी सांगायची, त्यांनी निकाल द्यायचा. दोन तास चाललं. क्रांतीनं तीनदा चहा केला.

मग मी सांगितलं, पावसात झालेल्या एका मॅचची पेनल्टी. दाजींनी हातातला कप त्या पंचगिरी सोडल्याच्या चिठ्ठीवर ठेवला. "ती माझी चुकली," म्हणालं. "मला घरी आल्यावर कळलं. लई दिस झोप न्हवती. तवा काय म्हटलासा मला?"

मी सांगितलं काय म्हटलं ते. क्रांतीनं तोंडाला पदर लावला.

दाजींनी इचार केला. "ते बरोबर हुतं," म्हणालं. आनि हसाय लागलं. आता पोटापासनं हसालेत, पट्टी असती तर सुटली असती. म्हणालं, "मला वाटलतं नुसतं कौतुक करतासा. तुमी तर एकेक शिट्टी बघून बसलाय की, पावणं. एवढं तर क्रांतीनं बी बघितलं न्हाई माझ्याकडं." उठलं, देव्हाऱ्याखालनं शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली आनि गळ्यात घातली. चिठ्ठी चहाच्या कपाखालीच ऱ्हायली, तिच्यावर गोल डाग पडला.

म्हंजे त्येचं चांगलं झालं. क्रांतीचं चांगलं झालं. मॅडमनी कागदावर लिहिलं, समाधानी. त्या म्हणाल्या उजवा कान बी करून टाकू, तर दाजी म्हणालं, थोडं थांबू मॅडम, सध्या एका कानाला पब्लिक लई होतंय. ग्राउंडवर जात्यात, शिव्या खात्यात, समदं ऐकत्यात, आनि समदं ऐकून झालं की मधी उभं ऱ्हाऊन दोन्ही बाजूंना हात वर करत्यात. पब्लिक येडं झालंय त्येच्यावर.

आनि माझं? माझं कोण इचारतंय? क्रांतीनं पुन्हा शपथ घातलीया, ह्या खेपंला तिच्या गळ्याची. आख्खी बाजू वळून माझ्याकडं बघती, आनि मी नि आण्णा शेजारी शेजारी ओठ मिटून बसलेलो. परवा ह्यानं आमचा गोल नाकारला. गोल हुता ओ त्यो! लहान पोरगं सांगंल गोल हुता. माझ्या छातीत नुसतं दाटून आलं, डोळं भाईर याय लागलं, पर तोंड बंद. आनि ह्यो बाबा सावकाश चालत आमच्या बाजूला आला, डावा कान माझ्याकडं केला, हात लावला कानाला, आनि म्हणाला, "काय पावणं, आज आवाज न्हाई? घसा बसलाय व्हय? त्याच मॅडमास्नी दावा. कान, नाक, घसा, तिन्ही बघत्यात त्या."

पाच हजार माणूस हसलं. मी मान हलवली. म्हटलं, "व्हय, व्हय."

चांगला भैरा हुता की ओ माणूस.